नात्यातल्या रोपांनी नव्या अंगणात फुलबाग कशी सुरू करावी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. चिऱ्यांचे नवे घर बांधून त्यांना एक वर्ष झाले. घरापुढे आणि उत्तरेच्या बाजूला मिळून साधारण ऐंशी चौरस मीटर मोकळी जागा आहे. सासूबाई सावईवेऱ्याच्या कुळागरात (म्हणजे पोफळीच्या बागेत), आई हरमलला समुद्राजवळ, आत्या वाळपईला आणि मावशी मडगावच्या फ्लॅटमध्ये राहते. चौघीही रोपे द्यायला उत्सुक आहेत, किंबहुना कोणाचे आधी घ्यावे यावरून थोडी ओढाताणही होते. गेल्या श्रावणात आणलेल्या अठरा फांद्यांपैकी जास्वंद आणि तगर एवढ्या दोनच जगल्या, बाकीच्या बुडातून काळ्या पडून गेल्या. यंदा पावसाआधी नव्याने सुरुवात करायची आहे, तर कोणाकडून काय मागावे, कोठे लावावे आणि मागच्या वेळी काय चुकले, असे त्यांनी विचारले आहे.

डिचोली तालुक्यात मी गेली तीस वर्षे लहानशी रोपवाटिका चालवते. तरीही पहिल्याच वाक्यात सांगते, की घरच्या फुलबागेची सुरुवात विकतच्या रोपांनी करण्यापेक्षा नात्यातल्या रोपांनी करणे शहाणपणाचे आहे. वाळपईला वीस पावसाळे काढलेली तगर आपल्या हवेत टिकते की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही. मात्र नात्यातून रोप आणताना एक पथ्य पाळावे. फांदी आणावी, बी आणावे, कंद आणावा, पण दुसऱ्याच्या अंगणातली माती शक्यतो आणू नये. असे का, ते पुढे अबोलीच्या निमित्ताने सांगते.

आधी मागच्या वर्षीच्या सोळा फांद्यांबद्दल. बुडातून काळी पडलेली फांदी पाण्याअभावी मेलेली नसते, ती कुजलेली असते. नव्या घराची जागा सपाट करताना यंत्र फिरते, मूळची जांभी माती दाबली जाते आणि वर भरावाचा मुरूम पसरला जातो. अशा जमिनीत पहारीने खड्डा खणून त्यात मऊ माती भरली, तर तो खड्डा म्हणजे बुडाला भोक नसलेली कुंडीच होते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे आजूबाजूचे पाणी त्या मऊ मातीत येऊन साचते आणि मूळ फुटण्याआधीच फांदीचे बूड सडते. याची खात्री करून घेणे सोपे आहे. दीड फूट खोल खड्डा खणावा, संध्याकाळी तो पाण्याने भरावा आणि सकाळी पाहावे. पाणी उरलेले असेल तर त्या जागी खड्ड्यात काही लावूच नये. बांधकामातले उरलेले चिरे कडेने रचून जमिनीच्या वर फूटभर उंच वाफा करावा. त्यात निम्मी लाल माती आणि उरलेल्या निम्म्यात कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत घालावे. थोडी नदीची रेती मिळाली तर उत्तम, मात्र समुद्राची वाळू घालू नये.

चिरे चालतात, पण गिलाव्याचे तुकडे चालत नाहीत, हा भेद नीट लक्षात ठेवावा. आपली जांभी माती मुळात आम्लधर्मी असते आणि अनंत, एक्झोरा (म्हणजे आपली पिटकोळी) यांसारख्या झाडांना ती मानवते. परंतु नव्या घराच्या भिंतीलगत आणि कुंपणाच्या पायाशी सिमेंट, चुना आणि गिलाव्याचा चुरा पुरलेला असतो. त्यामुळे तेवढ्या पट्ट्यातली माती अल्कधर्मी होते आणि तिच्यातले लोह मुळांना घेता येत नाही. अनंताची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि घरातली मंडळी खत कमी पडले म्हणून आणखी खत घालत बसतात. संशय असल्यास त्या जागची मूठभर सुकी माती बशीत घेऊन तिच्यावर स्वयंपाकघरातले व्हिनेगर घालावे. बुडबुडे आले तर तीत चुना आहे असे समजावे. तो पट्टा एकतर खरवडून काढावा, नाहीतर तेथे ज्यांना काही फरक पडत नाही अशी बोगनवेल किंवा कण्हेर लावावी. कण्हेर लावायची तर घरात लहान मूल किंवा दारात गुरे असल्यास विचार करूनच, कारण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. चुलीची राखही चुन्यासारखीच वागते. इतरत्र मूठभर घातली तर चालते, अनंताच्या बुडाशी मात्र घालू नये.

उत्तरेच्या बाजूची जागा फसवी असते. गोव्याचे अक्षांश साडेपंधराच्या आसपास असल्याने मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. आत्ता मे महिन्यात तुम्ही तेथे उभ्या राहिलात तर भरपूर ऊन दिसेल आणि मोगरा येथेच लावावा असे वाटेल. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि घराच्या सावलीत भिंतीपासून दहा-बारा फुटांचा पट्टा दिवसभर राहतो. तेथे मोगरा जगेल, पण फुलणार नाही. ती जागा सोनटक्का, कर्दळ आणि कुळागरातल्या सावलीला सरावलेल्या झाडांसाठी ठेवावी. मोगरा, जाई, जास्वंद, अबोली आणि झेंडू पुढच्या अंगणात लावावेत. तेथेही पागोळ्यांच्या रेषेत काही लावू नये. कौलांवरून पडणारे पाणी आषाढात वाफा अक्षरशः खणून काढते.

आता चौघींकडून काय मागावे ते पाहू. प्रत्येकीची जमीन वेगळी असल्यामुळे एकच झाड चारही ठिकाणांहून सारखेच येईल असे समजू नये.

सासूबाईंच्या कुळागरातली माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाचोळ्याने काळी झालेली असते, पाटाचे पाणी असते आणि वर पोफळींची सावली असते. तेथून आलेल्या रोपाची पाने पातळ आणि रुंद असतात. असे रोप एकदम तुमच्या उघड्या अंगणात ठेवले तर तीन दिवसांत पाने करपतात आणि दोष विनाकारण देणाऱ्याच्या हाताला लागतो. पंधरा दिवस पडवीत, मग पंधरा दिवस फक्त सकाळच्या उन्हात आणि नंतर जागेवर, अशा पायऱ्यांनी त्याला सवय लावावी. सासूबाईंकडून सोनटक्क्याचे कंद घ्यावेत. मृगाच्या आसपास डोळा असलेला वीतभर तुकडा आडवा, दोन बोटे खोल लावला, की गणपतीच्या सुमारास पांढऱ्या फुलांचा वास पडवीपर्यंत येतो. न्हाणीचे साधे पाणी जेथून वाहते ती जागा त्याला फार आवडते. अबोलीही त्यांच्याकडचीच घ्यावी, पण बियाने.

अबोलीवर थोडे अधिक लिहिते, कारण गोव्यातल्या घराला अबोलीवाचून फुलबाग म्हणवत नाही आणि फसगतही तिच्यातच सर्वांत जास्त होते. रोपवाटिका सुरू केली त्या काळात माझ्या काकींनी मोठ्या प्रेमाने अबोलीची पंचवीस रोपे मातीच्या गोळ्यांसकट पाठवली होती. मी ती जशीच्या तशी वाफ्यात लावली. चार महिने कणसे सुंदर आली. मग एकेक झाड दुपारी मान टाकू लागले, संध्याकाळी सावरू लागले, आणि पुढे पाणी घालूनही सावरेनासे झाले. उपटून पाहिले तर मुळांवर मोहरीएवढ्या, काही ठिकाणी मटकीएवढ्या गाठी होत्या. त्या नखाने सुटत नव्हत्या, मूळच तेवढ्या जागी फुगलेले होते. ही सूत्रकृमींची खूण. हे कृमी डोळ्यांना दिसत नाहीत, मातीतून आणि मुळांतून एका अंगणातून दुसऱ्यात जातात, आणि अबोली ही त्यांची आवडती. काकींच्या बागेत ते होते हे त्यांनाही ठाऊक नव्हते, कारण तेथल्या भरपूर खतामुळे झाडे तग धरून होती. माझा तो वाफा पुढे दोन वर्षे अबोलीला निकामी झाला. निंबोळी पेंड घातली, एक हंगाम दाट झेंडू लावला (झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने या कृमींची संख्या कमी होते), तेव्हा कोठे जमीन पुन्हा हाताशी आली.

बियातून हे कृमी येत नाहीत. अबोलीचे कणीस फुलून गेले की खालून वर वाळत जाते आणि त्याच्या हिरव्या पाकोळ्यांच्या आड तपकिरी बोंडे तयार होतात. बोंड पूर्ण वाळलेले असताना त्यावर पाण्याचा थेंब पडला, की ते टच्च आवाज करून फुटते आणि आतले बी हातभर लांब उडते. म्हणूनच जुन्या अंगणात अबोली पायरीच्या फटीत, तुळशीवृंदावनाच्या कडेला, कोठेही उगवलेली दिसते. ही गंमत मुलांना जरूर दाखवावी, पण ताटावर जाळीदार कापड टाकून, म्हणजे बी हरवणार नाही. पहिल्या पावसानंतर ते पसरट कुंडीत पेरावे आणि वर मातीचा पातळ थरच द्यावा. दोन-तीन आठवड्यांत रोपे दिसतात. चार-पाच पानजोड्या झाल्या की वाफ्यात फूटभर अंतराने लावावीत. दिवाळीच्या पुढे-मागे पहिली कणसे हाती येतात. भगव्या गावठी अबोलीला बी धरते. दाट, लालसर फुलांची एक जात मात्र बी धरत नाही, ती फांदीनेच वाढवावी लागते. ती कोणाकडे असल्यास फांदी घ्यावी, मुळासकट रोप नव्हे.

आईच्या हरमलच्या अंगणातली माती वाळूची. वाळूतले रोप उपटले की मुळांभोवती गोळा राहत नाही, सगळी माती गळून पडते आणि उघडी मुळे वाटेतच सुकतात, म्हणून तेथून मोठे रोप आणण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी आईकडून देवचाफ्याची फांदी मागावी आणि ती याच महिन्यात मागावी. हातभर लांबीची, करड्या सालीची फांदी तोडून पाने काढून टाकावीत आणि पाच-सात दिवस सावलीत नुसती आडवी ठेवावी. तोडलेल्या जागचा चीक सुकून खपली धरली की मगच लावावी, आणि पाणी अगदी बेताने द्यावे. भर पावसात तोडून लगेच लावलेली चाफ्याची फांदी दहांत आठ वेळा कुजते. तुमच्या सोळांत ती होती की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही, पण असेल असा माझा अंदाज आहे. आईकडे मोगरा असेलच. त्याच्यासाठी तिला एक काम सांगावे, दाब कलमाचे. जमिनीलगतची एक फांदी वाकवून, मधल्या पेराच्या खालची साल किंचित खरवडून, तेवढा भाग चार बोटे मातीत पुरावा आणि वर दगड ठेवावा. शेंडा बाहेरच राहू द्यावा. जूनमध्ये पुरलेली फांदी सप्टेंबरात मुळे धरते, मग आईच्या बाजूने तोडून आणावी. वाळूत हे काम फार छान होते, आणि तीन महिने फांदी आईच्या झाडाच्याच जिवावर पोसली जात असल्याने ती मरण्याची भीती जवळजवळ नसते. आणताना तेवढी मुळे पाण्यात धुऊन घ्यावीत.

आत्याकडून तगर, जास्वंद आणि अनंत घ्यावेत, तिन्ही फांदीने, आणि तिन्ही एकाच वेळी. वेळ म्हणजे मृगाच्या दोन-चार सरी पडून हवेत ओल आली, पण आषाढाची झड अजून लागलेली नाही, तो जूनचा मधला काळ. तुम्ही गेल्या वर्षी श्रावणात आणल्या, त्यात दोन गोष्टी आड आल्या. एक तर जमीन तोवर पाण्याने फुगलेली होती. दुसरे, श्रावणातले आयतार (रविवारची व्रते) आणि पुढे चवथ (गणेशचतुर्थी) यांमुळे तेव्हा प्रत्येक घरात फुलांची आणि पत्रीची ओढ असते, त्यामुळे देणारी साहजिकच फुले न येणारे कोवळे शेंडे काढून देते. कोवळा शेंडा लवकर कुजतो. हवी ती पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट जून झालेली, वीतभर फांदी. साल हिरवटपणा सोडून करडी होऊ लागलेली असावी. खालचा काप पेराच्या जरा खाली तिरका घ्यावा, कारण मुळे पेराजवळूनच फुटतात. वरची दोनच पाने ठेवावीत आणि तीही मोठी असतील तर अर्धी कापावीत. कळी असल्यास निर्दयपणे खुडावी. दोन पेरे मातीत जातील इतकी फांदी खोचावी. ही माती म्हणजे जमीन नव्हे. निम्मी रेती आणि निम्मी माती भरलेल्या, भोके असलेल्या पिशवीत किंवा जुन्या डब्यात खोचावी आणि तो पडवीत, पाऊस लागणार नाही पण उजेड येईल अशा जागी ठेवावा. जास्वंद आणि तगर चार-पाच आठवड्यांत मूळ धरतात, अनंताला दोन महिनेही लागतात. या काळात रोज उपटून मूळ फुटले का ते पाहणे हे फांद्या मरण्याचे एक मोठे कारण आहे. आमच्या घरात ते काम माझे वडील करीत.

वाळपईहून फांद्या आणताना त्या ओल्या वर्तमानपत्रात आणि वरून केळीच्या पानात गुंडाळाव्यात, आणि त्याच संध्याकाळी लावाव्यात. चोरून आणलेली फांदी हमखास जगते, असे आपल्याकडे म्हणतात. मला त्यामागे दोनच कारणे दिसतात. चोरलेली फांदी लहान असते आणि घाईघाईने ताबडतोब लावली जाते. आणि जी मरते तिची गोष्ट कोणी सांगत नाही.

फांदीबरोबर माती येत नाही, पण कीड येऊ शकते. जास्वंदीच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण आहे का, तगरीच्या पानांमागे काळपट चिकटा आहे का, हे देणाऱ्याच्या दारातच पाहावे. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या आहेच असे धरून चालावे, कारण मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी त्याला राखतात आणि हलवतातही. आणलेल्या फांद्या साबणाच्या सौम्य पाण्यातून काढून स्वच्छ पाण्याने धुवाव्यात, आणि तीन आठवडे जुन्या झाडांपासून दूर ठेवाव्यात. एवढ्या सावधगिरीचा आत्याला राग येईल अशी भीती वाटत असल्यास हे काम घरी येऊन करावे.

मावशीच्या फ्लॅटमधल्या कुंड्यांतून दोनच गोष्टी घ्याव्यात. ब्रह्मकमळाचे एक जून, निबर पान, जे चार दिवस सुकवून रेतीत उभे खोचले की मूळ धरते, पण फुलायला दोन-तीन वर्षे लावते. आणि शेवंतीचे फुटवे, पण ते आत्ता नव्हेत, फुलोरा संपल्यावर फेब्रुवारीत. शेवंती रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही. तुमच्या फाटकाजवळ रस्त्याचा दिवा असेल आणि त्याचा उजेड वाफ्यावर रात्रभर पडत असेल, तर शेवंती नुसती उंच वाढत राहते. डिचोलीत एका घरी एकाच वाफ्यातली दिव्याकडची अर्धी रांग हिरवीगार आणि भिंतीच्या सावलीतली अर्धी रांग पिवळ्या फुलांनी भरलेली मी स्वतः पाहिली आहे. घरच्यांनी हिरव्या रांगेला दोन वर्षे खते घातली होती. पावसाळ्यात शेवंतीची आई-झाडे कुंडीतच, वळचणीखाली जपावीत, जमिनीत ती सडतात.

जाईबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण फोंड्यात राहून जाई नाही असे होऊ नये. म्हार्दोळ तुमच्यापासून किती जवळ आहे, आणि तेथे महालसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा होते तेव्हा सबंध परिसराला काय वास असतो, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. नात्यात कोणाकडेही जाई असल्यास जूनमध्ये दोन फांद्या घ्याव्यात, पण मांडव आधी घालावा आणि वेल मागाहून चढवावा. डिसेंबर-जानेवारीत जाईची आणि मोगऱ्याची छाटणी करताना हात आखडू नये. आठ-दहा दिवस पाणी तोडून, पाने उतरवून, निम्मी फांदी कापून टाकली तरच नव्या फुटीवर फुले येतात. मोगरा मार्चपासून आणि जाई पावसाबरोबर फुलू लागते. देणाऱ्या घरात छाटणी कधी करतात हे फांदी घेतानाच विचारून ठेवावे.

काही गोष्टी नात्यातून घेऊच नयेत. सोनचाफ्याचे बियाचे रोप कोणी कितीही आग्रहाने दिले तरी त्याला फुलायला सात-आठ वर्षे लागू शकतात आणि झाड भलतेच उंच होते, त्यामुळे तेथे पैसे खर्चून कलमच आणावे. कलम दुसऱ्या वर्षी फूल दाखवते. दसऱ्याच्या झेंडूच्या माळेतले बी ठेवायची पद्धत सर्वत्र आहे, पण बाजारातली भरगच्च फुले बहुधा संकरित असतात आणि त्यांच्या बियातून एकेरी, बारकी फुले येतात. घरच्या जुन्या गावठी झेंडूचे बी मात्र खुशाल घ्यावे, आणि दसऱ्याला फुले हवी असल्यास जुलैच्या शेवटी ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागणार नाही अशा जागी पेरावे. सुरंगीचे झाड मोठे होते. ऐंशी चौरस मीटरात त्याचा विचार करू नये, फुलांच्या दिवसांत वळेसर (सुरंगीचा गजरा) विकत घ्यावा. प्राजक्त एक हवा, तो अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, म्हणजे सकाळचा सडा तुडवला जाणार नाही. जुन्या झाडाखाली त्याची रोपे आपोआप उगवतात, वीतभर उंचीचे एक पुरते.

पहिल्या वर्षी याहून अधिक काही आणू नये. आठ-नऊ प्रकार, प्रत्येकाच्या दोन-तीन फांद्या. देणाऱ्यांचा उत्साह मोठा असतो आणि नाही म्हणणे अवघड जाते, म्हणून मी एक पळवाट सुचवते. ज्या रोपासाठी यंदा जागा नाही ते आत्याच्या किंवा आईच्याच अंगणात, तुमच्या नावाने, कुंडीत ठेवायला सांगावे. तसेच तुमच्याकडे जगलेल्या प्रत्येक झाडाची एक फांदी पुढच्या जूनमध्ये चौघींपैकी दुसऱ्या कोणाकडे तरी लावून द्यावी. त्यात औपचारिकता काही नाही. माझी ती अबोली सूत्रकृमींनी गेली तेव्हा तिच्याआधीची, आजीच्या हातची फिकट भगवी अबोलीही त्याच वाफ्यात गेली. ती पुन्हा मिळाली ती पेडण्याच्या मावसबहिणीकडून, कारण मीच तिला पाच वर्षांपूर्वी कागदाच्या पुडीतून बी दिले होते आणि विसरून गेले होते.

कोणते झाड कोणाचे, याच्या पाट्या कराव्यात. शाईचे अक्षर आपल्या पावसात आठवडाभरही टिकत नाही, शिसपेन्सिलीने प्लास्टिकच्या पट्टीवर लिहिलेले मात्र वर्षभर राहते. नावाबरोबर दिलेली तारीख आणि देणारीचे नाव घालावे. पुढे पान पिवळे पडले की कोणाला फोन करायचा ते कळते.

खताचे थोडक्यात. जुलैमध्ये खत घालू नये, सगळे वाहून जाते. ऑगस्टच्या अखेरीस, पाऊस ओसरू लागला की प्रत्येक झाडाला दोन मुठी शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड घालावी, आणि पुन्हा छाटणीनंतर तेवढेच. नोव्हेंबरपासून बुडाशी पाचोळ्याचा जाड थर द्यावा, म्हणजे मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी निम्मे पुरते. नारळाची सोडणे पालथी घालून अंथरली तर तीही ओल धरतात, मात्र पावसाळ्यात ती काढून ठेवावीत, कारण त्यांच्याखाली गोगलगायी लपतात आणि उलटलेल्या सोडणात पाणी साचून डास होतात. कुंड्यांखालच्या बश्याही जून ते ऑक्टोबर काढूनच ठेवाव्यात. गोगलगायींवर औषध शोधण्यापेक्षा रात्री नऊनंतर विजेरी घेऊन फिरावे आणि त्या उचलून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

आज मेचा मध्य आहे. उंच वाफे रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे येत्या दहा दिवसांत भरून घ्यावेत, म्हणजे माती बसायला वेळ मिळेल. हरमलला जाऊन चाफ्याची फांदी याच रविवारी आणावी आणि मोगऱ्याच्या दाबाचे आईला तेव्हाच दाखवून यावे. वाळपईची फेरी जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ठेवावी. सावईवेऱ्याला मात्र आज संध्याकाळीच फोन करून अबोलीची वाळलेली कणसे खुडून कोरड्या पुडीत ठेवायला सांगावे. वळवाची एक सर आली, की त्यांतले बी सासूबाईंच्या अंगणभर उडालेले असेल.